आहे, पण मिळत नाही

‘नाही’ या एकाच शब्दात आपण किती निरनिराळ्या गोष्टी कोंबून ठेवतो, हे संसार केलेल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. साखर संपली म्हणजे ती ‘नाही’ म्हणते, आणि डबा भरलेला असून शेजारी द्यायची नसली म्हणजेही ती ‘नाही’च म्हणते. पहिले विधान साखरेविषयी असते, दुसरे देणारीच्या मनाविषयी. नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार केले आहेत. घडा घडण्यापूर्वीचा प्रागभाव, तो फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, वायूत जसे रूप कधीच नसते तसा अत्यंताभाव, आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे असे सांगणारा अन्योन्याभाव. ‘आहे, पण तुला मिळणार नाही’ या प्रकाराला त्यांच्या यादीत जागा नाही, आणि ते योग्यच आहे. कारण तो अभाव नव्हेच.

गंमत अशी की हा भेद आजच्या संगणकांनी मात्र काटेकोरपणे पाळला आहे. संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे जे नियम १९९६ साली लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाले, त्यांत प्रत्येक उत्तराला तीन आकडी क्रमांक दिलेला आहे. मागितलेली वस्तू सापडली नाही तर ४०४. वस्तू देण्यास नकार असेल तर ४०३. नियमकर्ते व्यवहारचतुरही होते. वस्तू आहे हेदेखील परक्याला कळू द्यावयाचे नसेल, तर सर्व्हरने ४०३ च्या ऐवजी ४०४ म्हणून वेळ मारून न्यावी, अशी सवलत पुढे त्यांनी देऊन ठेवली. भरल्या डब्यासमोर ‘साखर नाही’ म्हणणाऱ्या गृहिणीचीच ही युक्ती. या दोन क्रमांकांतील अंतर मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आले. परंतु त्याचा खरा अर्थ कळला तो आमच्या रामघाटच्या घरात.

रामघाट म्हणजे काशीच्या उत्तरेकडील घाटांपैकी एक. मेहता घाट आणि जटार घाट यांच्या मधला. थोडे खाली गेले की पंचगंगा, पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट. या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली याच नगरीत पुरे केले आणि १६७४ साली रायगडावरील राज्याभिषेकासाठी गागाभट्ट येथूनच गेले. हा इतिहास आमच्याकडे मुलांना घरच्या वंशावळीच्या बरोबरीने शिकवतात. वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयही रामघाटावरच आहे, त्यामुळे वेदघोष येथल्या हवेतच असतो. आमचे मराठी पुण्याच्या पाहुण्यांना जुने वाटते, आणि आमचे हिंदी लखनौच्या पाहुण्यांना बनारसी वाटते. दोघांचेही खरे असावे.

माझे आजोबा ऋग्वेदाचे घनपाठी होते. मी लहान असताना ते वारले. मला त्यांचा चेहरा अंधुक आठवतो, आवाज मुळीच आठवत नव्हता. घनपाठ म्हणजे काय हे न जाणणाऱ्या वाचकासाठी एवढेच सांगते : मंत्रातील पदे सरळ न म्हणता पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे, अशी गुंफीत पुढे जावयाचे. लेखणीला हात न लावता शतकानुशतके एकही अक्षर, एकही स्वर ढळू नये म्हणून केलेली ही योजना आहे. एके ठिकाणी चूक झालीच, तर पुढच्या उलटापालटीत ती उघडी पडते. मजकूर तारेवरून धाडताना तो वाटेत बिघडला का हे ताडून पाहण्यासाठी आज आम्ही जे उपाय करतो, त्यांचे मर्म याहून फारसे वेगळे नाही.

आजोबांच्या अखेरच्या वर्षांत, कॅसेटचे यंत्र घरोघर येऊ लागले तेव्हा, वडिलांनी त्यांचे पठण ध्वनिमुद्रित करून ठेवले. एकूण ४१ कॅसेटी. प्रत्येकीवर वडिलांच्या टपोऱ्या अक्षरांत अष्टक, अध्याय आणि तिथी लिहिलेली. पुढे त्या कॅसेटींवरून संगणकाच्या फायली झाल्या, त्या एका मोठ्या डिस्कवर साठविल्या गेल्या, आणि ती डिस्क कपाटात लाल वस्त्रात बांधून ठेवण्यात आली. पोथी बांधतात तशी. आणि पुष्कळ पोथ्यांप्रमाणेच ती त्यानंतर कोणी उघडली नाही.

ती उघडण्याचे निमित्त झाली आत्या. आत्या आता ८६ वर्षांची आहे. डोळे जवळजवळ गेले. कान मात्र शाबूत. तिच्या लहानपणी मुलींना वेद शिकवीत नसत. सकाळी माजघराच्या पलीकडे आजोबांपुढे विद्यार्थी बसत आणि अलीकडे, उंबऱ्याच्या या बाजूला, ती तांदूळ निवडीत बसे. तांदळाला इतका वेळ का लागतो, हे आजीने तिला कधी विचारले नाही. आजही एखाद्या विद्यार्थ्याचा स्वर चुकला तर आत्याच्या कपाळावर बारीक आठी पडते; तोंडाने मात्र ती काही म्हणत नाही. गेल्या हिवाळ्यात तिने एवढेच म्हटले, “अण्णांचा आवाज त्या डब्यात आहे म्हणतात. एकदा ऐकायला मिळेल का?”

माझ्या भाच्याने उत्साहाने योजना आखली. घरातील एका जुन्या संगणकावर उबुंटू ही प्रणाली घालावी, तिच्यावर अपाची हा वेब-सर्व्हर चालू करावा, डिस्क त्याला जोडावी, आणि घरातल्या कोणत्याही फोनवर एक पान उघडून हवी ती फाइल ऐकावी. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी. बाहेरून कोणी हाक मारली तर ती पोहोचतच नाही. भाच्याने दोन दिवसांत पान उभे केले आणि तो पुण्याला परत गेला. पान देखणे होते. आजोबांचे छायाचित्र, खाली फायलींची यादी, प्रत्येकीपुढे एक त्रिकोणी कळ. आत्याला आरामखुर्चीत बसविले, कळ दाबली, आणि काहीही झाले नाही. फायलीचा पत्ता वेगळा उघडून पाहिला, तेव्हा कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत उत्तर आले : ४०३, निषिद्ध.

“काय म्हणतंय?” आत्याने विचारले.

“परवानगी नाही म्हणतं.”

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे नाही असं नाही ना म्हणत? आहे म्हणतंय. मग मिळेल.”

अभावाची जी मीमांसा मी वर केली, ती सारी या तीन वाक्यांवरील टीका समजावी.

असल्या नकाराशी झगडताना पुष्कळ लोक एक घाईचा उपाय करतात, आणि भाच्यानेही फोनवरून तोच सुचविला. युनिक्स परंपरेतल्या संगणकांवर प्रत्येक फायलीला मालक, त्याचा गट आणि इतर जन अशा तीन वर्गांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालविणे असे तीन अधिकार असतात. त्यांची किंमत अनुक्रमे ४, २ आणि १. बेरीज सात. तिन्ही वर्गांना सर्व काही देऊन टाकले म्हणजे ७७७. ‘सातशे सत्त्याहत्तर करून टाक, मावशी, चालेल,’ असे तो म्हणाला. मी आधी पाहिले, तर प्रत्येक फायलीपुढे तिन्ही वर्गांना तिन्ही अधिकार दिलेले दिसतच होते. डिस्क पूर्वी विंडोजच्या पद्धतीने आखलेली होती, आणि तशा डिस्कवर हे अधिकार फायलीगणिक बदलतही नाहीत. जोडताना जे ठरेल तेच सर्वांना. म्हणजे घराचे दार आधीच सताड उघडे होते. तरीही पाहुणा आत येऊ शकत नव्हता.

अशा वेळी तर्क लढवीत बसण्यापेक्षा सर्व्हरचे रोजनामे वाचावे. अपाची आपल्या चुकांच्या नोंदवहीत प्रत्येक नकाराचे कारण प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. ब्राउझरला तो जे सांगत नाही ते या वहीत सांगतो. तेथे लिहिलेल्या वाक्याचा मराठी आशय असा : मार्गातील एका घटकावर शोधाची परवानगी नसल्यामुळे प्रवेश नाकारला. फाइल नव्हे, मार्ग! फाइल उघडी आहे. फायलीकडे जाणाऱ्या वाटेवर कोठे तरी अडसर आहे.

काशीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसते. येथील जुन्या मोहल्ल्यांच्या गल्ल्यांना पूर्वी फाटके असत आणि रात्री ती लावून घेत. ठठेरी बाजारातल्या कोणा सराफाने आपल्या घराचे दार रात्रभर उघडे टाकले असते, तरी मोहल्ल्याचे फाटक बंद असताना त्या उघडेपणाचा कोणाला उपयोग? संगणकातही तसेच. फाइल म्हणजे घर, आणि ज्या फोल्डरांतून तिच्याकडे जावे लागते ते म्हणजे गल्ल्या. फोल्डरच्या बाबतीत ‘चालविणे’ या अधिकाराचा अर्थ ‘मधून जाऊ देणे’ असा होतो. गल्लीत काय काय आहे याची यादी वाचता आली नाही तरी चालेल. पण मधून जाता आलेच पाहिजे. वाटेवरचे एकच फाटक बंद असले, तर पुढचे सगळे मोकळे असूनही व्यर्थ.

‘नेमआय’ नावाची एक छोटी आज्ञा आहे. तिला फायलीचा पूर्ण मार्ग दिला की मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरी, तिचा मालक आणि तिच्यावरील अधिकार एकाखाली एक लिहून दाखविते. मी ती चालविली. पहिली पायरी उघडी. दुसरी, ‘मीडिया’ नावाची, उघडी. तिसरी, भाच्याच्या नावाची, इतरांस बंद. बाहेरून डिस्क लावली म्हणजे उबुंटू ती आपण होऊन ‘मीडिया’ या जागी, जो माणूस त्या वेळी संगणकावर बसला असेल त्याच्या नावाच्या कोठडीत जोडते आणि त्या कोठडीची किल्ली फक्त त्याच्या हाती देते. अपाची मात्र आपले काम त्या माणसाच्या नावाने करीत नाही. त्याची स्वतंत्र, निर्धन अशी ओळख असते, जिच्यापाशी जवळजवळ काहीच अधिकार नसतात. तो बिचारा तिसऱ्या फाटकापाशी उभा होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा नकार खोडसाळ नव्हता. तो शहाणपणाचा होता. एकाच संगणकावर अनेक जण काम करीत असताना कोणी आपली डिस्क लावावी आणि ती इतरांना आपोआप दिसावी, हे बरे नव्हे. एप्रिल २०२१ पासून तर उबुंटूने नव्याने निर्माण होणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याचे घरच इतरांना बंद ठेवण्याची रीत स्वीकारली. फाटके उगीच नसतात. तेव्हा उपाय फाटके उखडण्याचा नव्हता. ज्या वस्तू सर्वांनी घ्यावयाच्या आहेत त्यांची जागा बदलण्याचा होता. मी डिस्क त्या खाजगी कोठडीतून काढली आणि सार्वजनिक सेवेच्या वस्तूंसाठी जी ‘एसआरव्ही’ नावाची जागा राखलेली असते, तेथे कायमची जोडली. जोडताना केवळ वाचण्याची मुभा ठेवली, म्हणजे चुकून कोणाच्या हातून आजोबा पुसले जाणार नाहीत. अपाचीला नवा पत्ता सांगितला आणि त्या जागेपुरती उघड परवानगी लिहून दिली. कारण २०१२ साली आलेल्या २.४ या आवृत्तीपासून अशी परवानगी ‘सर्वांस मंजूर’ अशा नेमक्या शब्दांत द्यावी लागते.

मग कळ दाबली. कॅसेटीची खरखर, एक खाकरणे, आणि आजोबांचा आवाज. मी समजत होते त्याहून तो पुष्कळ पातळ होता. आत्याने हातातली जपमाळ खाली ठेवली. ती ओठ हालवीत होती. आवाज काढीत नव्हती. पण घनाच्या त्या उलटसुलट गुंफणीत तिचा ओठ एकदाही अडखळला नाही.

काम येथे संपावयाचे. ते संपले नाही, आणि खरा विचार येथूनच सुरू झाला. यादीच्या तळाशी ‘इतर’ या मथळ्याखाली वीसएक फायली होत्या. त्यांतल्या काही आजीच्या. आजी अमरावतीकडची, वडिलांनी एका उरलेल्या कॅसेटीवर तिची गाणी भरून घेतली होती आणि फायलींना ‘वऱ्हाडची ओवी’ असे नाव पडले होते. त्यांची कळ दाबली, तर उत्तर ४०४. सापडत नाही. डिस्कवर तर फाइल डोळ्यांना दिसत होती, आणि पानावरचे नाव अक्षरशः तेच होते.

अक्षरशः तेच, पण बाइटशः नव्हे. आपल्या मराठीतला हा अर्धा ‘ऱ्’, ज्याच्यावाचून वऱ्हाड लिहिताच येत नाही, संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे जोडून. पहिल्याला तीन बाइट लागतात, दुसऱ्याला सहा. पडद्यावर दोहोंचे रूप एकच. युनिकोडचे नियम म्हणतात की दोन्ही लेखने समान मानावीत आणि ताडून पाहण्यापूर्वी एका रूपात आणावीत. परंतु लिनक्सची डिस्क हा विचार करीत नाही, ती केवळ बाइट मोजते. फायलींची नावे एका कळफलकावरून टंकलेली, पानावरची यादी दुसऱ्या. दोन वऱ्हाडे परस्परांना ओळखेनात. सर्व नावे एका रूपात आणणारी चार ओळींची आज्ञावली लिहिली, आणि आजी सापडली.

उरल्या सहा फायली. त्यांचे उत्तर सर्वांत विचित्र : २००, म्हणजे सर्व ठीक. सर्व्हरने फाइल दिली, ब्राउझरने घेतली, आणि तरीही शांतता. या फायली वडिलांनी आपल्या जुन्या मोबाइलवर भरल्या होत्या. त्या काळच्या फोनांत बोलण्यासाठी वापरीत त्या ‘एएमआर’ पद्धतीत आवाज दाबून ठेवलेला होता, आणि आजचे बहुतेक ब्राउझर ती पद्धत वाचीत नाहीत. हा नकार ‘नाही’ असे म्हणत नाही आणि ‘देत नाही’ असेही म्हणत नाही. ‘घे, पण तुला कळायचे नाही’ असे म्हणतो. ‘एफएफएमपेग’ नावाच्या साधनाने मी त्या सहा फायलींचे रूपांतर केले आणि ऐकल्या. त्यांत आत्या होती. पंधराएक वर्षांपूर्वीची, पहाटे देवघर सारवताना भूपाळ्या म्हणणारी. आपण भरले जात आहोत हे तिला ठाऊक नसावे. मध्येच ती दूध उतू जाईल म्हणून कोणाला तरी हाक मारते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आजोबांच्या ४१ कॅसेटींना अडविणारे फाटक एकच होते आणि ते उघडल्यावर सर्व एकदम मोकळ्या झाल्या. त्यांची नावे नेटकी, अनुक्रम नेटका, रूप नेटके. कारण त्या जपून ठेवण्याच्या वस्तू आहेत, हे सर्वांना पहिल्यापासून मान्य होते. बायकांचे आवाज मात्र ‘इतर’ होते. उरलेल्या कॅसेटीवर, हाती लागलेल्या फोनवर, जमेल त्या नावाने ठेवलेले. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. मनाई करण्याइतके त्यांच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. आणि म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास प्रत्येकी वेगळा उपाय लागला.

यावर घरात वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. भाच्याचे म्हणणे, आता हे सर्व जगासाठी खुले करावे. २००३ साली युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले आहे. मग वारसा घरात का दडवावा? काकांनी साफ नकार दिला. मला वाटले होते की ते अधिकार-अनधिकाराचे जुने बोलतील. त्यांनी वेगळेच सांगितले. “यंत्र म्हणून दाखवतं, म्हणून घेत नाही,” ते म्हणाले. “तुझा स्वर चुकला तर अण्णा थांबवत असत. ही फाइल थांबवील का? हे ऐकून शिकलेला चुकीचं शिकेल आणि अण्णांचं नाव सांगेल.” या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही पुरते नाही. घनपाठाची सारी रचनाच चूक पकडण्यासाठी आहे. पण पकडणारा कान समोर बसलेला असावा लागतो.

शेवटी आत्याला विचारले. तिने काकांची बाजू घेतली, याचे भाच्याला आश्चर्य वाटले. “अण्णांचं घरात राहू द्या. घरात मात्र कुणाला अडवायचं नाही. उंबऱ्याच्या अलीकडे, पलीकडे, कुणालाही नाही.” मग थोडे थांबून म्हणाली, “आईचं आणि माझं हवं त्याला द्या. ओवी काय दार लावून म्हणतात?”

त्याप्रमाणे व्यवस्था केली आहे. आजोबा १९२.१६८ च्या आत आहेत. आजीच्या ओव्या आणि आत्याच्या भूपाळ्या बाहेर पाठवावयाच्या म्हणून वेगळ्या काढून, नावे नीट लिहून, तीन ठिकाणी प्रती करून ठेवल्या आहेत. त्या ऐकून वऱ्हाडातल्या कोणा वाचकाला एखादा शब्द उलगडला तर त्याने अवश्य कळवावा. दोन ओव्यांतील चार शब्द आम्हां काशीकरांना लागलेले नाहीत.

अपाची नकारांची नोंद ठेवतो तशी दिलेल्या फायलींचीही ठेवतो. काल ती वही चाळत होते. आत्याच्या खुर्चीजवळचा फोन दुपारी आजीच्या ओव्या मागतो. रोज, न चुकता. आणि पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या एका फोनवरून पहिल्या अष्टकाची एकच फाइल मागितली जाते. तो फोन काकांचा आहे.